सगळ्यांना माहीत होते

२०१८ सालचा हिवाळा. (सिडनीचा हिवाळा जून-जुलैत येतो, हे भारतातल्या नातेवाईकांना इतकी वर्षे सांगूनही पुरते पटलेले नाही.) वेंटवर्थव्हिलहून सकाळची गाडी पकडायची, जमल्यास खिडकी मिळवायची, कानांत इअरफोन खुपसायचे आणि सेंट्रल येईपर्यंत जगाशी फारकत घ्यायची, हा माझा नित्यनेम. एरवी त्या कानांत भीमसेन नाहीतर क्रिकेटची चर्चा असे. त्या वर्षी मात्र ऑफिसातल्या चहाच्या खोलीत जो तो एकच प्रश्न विचारत होता, "कितव्या भागापर्यंत आलास?" चारचौघांत गप्प बसायची वेळ येऊ नये म्हणून मीही ऐकायला सुरुवात केली, आणि पहिल्याच आठवड्यात एकदा सेंट्रल मागे टाकून थेट टाउन हॉलला जाऊन पोचलो.

'द टीचर्स पेट' हे त्या पॉडकास्टचे नाव. ज्यांनी लहानपणी बुधवारी रात्री रेडिओला कान लावून श्रुतिका ऐकल्या आहेत, त्यांना पॉडकास्ट म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. फरक एवढाच, की ही श्रुतिका खिशात मावते, हवी तेव्हा ऐकता येते, आणि या विशिष्ट मालिकेत सांगितलेली माणसे खरी होती. 'द ऑस्ट्रेलियन' या वृत्तपत्राचे शोधपत्रकार हेडली थॉमस यांनी ती मे २०१८ मध्ये सुरू केली. कोट्यवधी वेळा ती ऐकली गेली. ऑस्ट्रेलियन पत्रकारितेतला सर्वोच्च समजला जाणारा गोल्ड वॉकली पुरस्कार त्याच वर्षी थॉमस आणि त्यांचे ध्वनिसंयोजक स्लेड गिब्सन यांना मिळाला. आज इतक्या वर्षांनी, सगळे निकाल लागून गेल्यावर, मी ती मालिका पुन्हा एकदा ऐकली. पहिल्या वेळी मी थरारून गेलो होतो. या वेळी अस्वस्थ झालो. या दोन्हींत जो फरक आहे, त्याबद्दल हा लेख.

घटना

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनीच्या नॉर्दर्न बीचेस भागातल्या क्रोमर हायस्कूलमध्ये क्रिस डॉसन हा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होता. रग्बी लीग खेळलेला, देखणा, विद्यार्थ्यांत लोकप्रिय. बेव्ह्यू येथे टेकडीवर घर, पत्नी लिनेट, दोन लहान मुली. लिनेट परिचारिका होती आणि त्या सुमारास एका पाळणाघरात काम करीत होती. १९८० साली डॉसनच्या वर्गात सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी आली. पुढे न्यायालयात तिचा उल्लेख 'जे.सी.' एवढाच झाला, म्हणून मीही तेवढाच करतो. मुलीच्या घरी दारू आणि मारहाण होती. शिक्षकाने आधी आस्थेने चौकशी केली, मग गाडी चालवायला शिकवली, मग मुलींना सांभाळायला म्हणून घरी बोलावले. १९८१ च्या अखेरीस, शालान्त परीक्षेच्या सुमारास, ती काही काळ त्याच्या घरातच राहायला होती. जानेवारी १९८२ मध्ये लिनेट नाहीशी झाली. वय ३३. काही दिवसांतच जे.सी. त्या घरात आली ती लिनेटची जागा घ्यायलाच. नवऱ्याने पत्नी हरवल्याची तक्रार नोंदवली ती सुमारे सहा आठवड्यांनी. १९८४ मध्ये त्याने जे.सी.शी लग्न केले. १९९० मध्ये ती त्याला सोडून गेली आणि पोलिसांशी बोलली.

२००१ आणि २००३ साली मृत्युचौकशी न्यायालयांत दोनदा चौकशी झाली. दोन्ही वेळा लिनेटचा खून झाला असून खटला भरावा, अशी शिफारस झाली. दोन्ही वेळा सरकारी अभियोग कार्यालयाने पुराव्याअभावी नकार दिला. मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. पॉडकास्ट गाजत असताना, डिसेंबर २०१८ मध्ये, डॉसनला अटक झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायमूर्ती इयन हॅरिसन यांनी त्याला खुनासाठी दोषी ठरवले, डिसेंबरमध्ये २४ वर्षांची शिक्षा दिली. जून २०२४ मध्ये त्याचे अपील फेटाळले गेले. निकालानंतर न्यायालयाबाहेर लिनेटच्या भावाने पत्रकारांना विनंती केली, की यापुढे तिला डॉसन म्हणू नका, ती लिनेट सिम्स आहे. मीही यापुढे तसेच म्हणेन.

कानाने पाहिलेले

प्रथम श्रेय. थॉमस यांनी या प्रकरणावर २००१ सालीही लिहिले होते. तेव्हा ते छापून आले आणि विसरले गेले. मग सतरा वर्षांनी तोच विषय, बराचसा तोच मजकूर, कानांवाटे आला तेव्हा देश का हादरला?

उत्तर माध्यमात आहे. छापील बातमीत "एका माजी विद्यार्थिनीने सांगितले" असे एक वाक्य असते आणि आपण पुढच्या वाक्याकडे जातो. येथे ती माजी विद्यार्थिनी, आता पन्नाशीची बाई, बोलता बोलता थांबते. तो थांबा ऐकू येतो. सांगणाऱ्याचा श्वास, मागे वाजणारा किटलीचा आवाज, "हे मी आजवर कुणालाच बोलले नाही" म्हणण्याआधीची ती सेकंदभराची शांतता, हे शब्दांत उतरत नाही. शिवाय मालिका आठवड्या-आठवड्याने येत होती, त्यामुळे ऐकणारे लोकच पुढे होऊन साक्ष देऊ लागले. जुने शेजारी, जुन्या मैत्रिणी, त्या काळी त्या शाळांत शिकलेल्या मुली. भाग वाढत गेले ते त्यामुळे. श्रोताच कथेतले पात्र होतो, ही सोय ना वर्तमानपत्राला आहे ना पुस्तकाला.

आणि परिणाम कथेपुरते राहिले नाहीत. न्यू साउथ वेल्स पोलिसांनी २०१८ मध्येच 'स्ट्राइक फोर्स साउथवुड' नावाचे पथक नेमले. त्याचे काम खुनाचा तपास नव्हे. नॉर्दर्न बीचेस भागातल्या शाळांमध्ये त्या काळात शिक्षकांनी विद्यार्थिनींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींचा तपास. लिनेटच्या खुनाची गोष्ट ऐकता ऐकता बायका उठून सांगू लागल्या होत्या, की असे आमच्याही बाबतीत घडले, आमच्याही शाळेत असे शिक्षक होते, एक नव्हे अनेक. यांतल्या प्रत्येक कथनाची न्यायालयात शहानिशा झालेली नाही हे ध्यानात ठेवायला हवे. पण इतके आवाज एकाच दिशेने आले, की त्यांच्याकडे कान बंद करणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते.

नावात काय आहे?

आता तक्रार. आणि ती शीर्षकापासूनच सुरू होते.

'टीचर्स पेट' म्हणजे शिक्षकाचा लाडका विद्यार्थी. आपल्याकडे 'सरांचा चमचा' म्हणतात, त्यात जो टोमणा आहे तोच इंग्रजीतही आहे. ज्याला हे म्हणायचे त्याने काहीतरी करून ही मर्जी मिळवली, असे त्यात गृहीत असते. सोळा वर्षांच्या मुलीला हे नाव द्यायचे, आणि तेही सबंध मालिकेला, हा निव्वळ शब्दखेळ म्हणून सोडून देता येत नाही. जो माणूस पगार घेऊन तिला शिकवायला ठेवला होता, ज्याने तिला हेरले, वश केले, घरी आणले, त्याचे कृत्य या शीर्षकात कुठेच नाही. आहे ती फक्त तिची जागा, त्याच्या मांडीवरच्या मांजरीची.

हा दोष शीर्षकावर थांबत नाही, तो बांधणीत उतरला आहे. मालिकेची रचना खूनकथेची आहे. प्रश्न एकच: लिनेटचे काय झाले? प्रत्येक भागाची अखेर त्या प्रश्नाच्या काठावर, गिटारच्या एखाद्या उदास स्वरावर आणून सोडलेली. या रचनेत जे.सी.वरचा अत्याचार हा काय ठरतो? खुनाचा हेतू. पुराव्यातला एक दुवा. म्हणजे एका स्त्रीचा जीव गेला ही गोष्ट, आणि दुसऱ्या मुलीचे बालपण गेले हे त्या गोष्टीचे कारण. कथानकाच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. न्यायाच्या दृष्टीने मला ते खटकते, कारण दुसरा गुन्हा पहिल्याच्या दोन वर्षे आधी, शाळेच्या आवारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला होता.

तुलनेसाठी दुसरे उदाहरण देतो. ब्रिटिश पत्रकार अ‍ॅलेक्स रेंटन यांची 'इन डार्क कॉर्नर्स' ही मालिका २०२२ साली बीबीसी रेडिओ ४ वर झाली. विषय ब्रिटनमधल्या बड्या खासगी शाळांतल्या अत्याचारांचा. रेंटन स्वतः लहानपणी अशाच एका निवासी शाळेत हे सोसलेले. त्यांच्या मालिकेत रहस्य जवळजवळ नाही. कोणी केले हे पहिल्या काही मिनिटांतच कळते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे: शाळेला कळले तेव्हा शाळेने काय केले? तक्रार आल्यावर शिक्षकाला कसे निरोप देऊन पाठवले गेले, दुसऱ्या शाळेला कोणते शिफारसपत्र गेले, पालकांनी प्रतिष्ठेपायी काय गिळले, याचा ते धागा धरतात. त्याच वर्षी जुलैमध्ये बीबीसीचे नामवंत निवेदक निकी कॅम्पबेल यांनी आपल्या स्वतःच्या पॉडकास्टवर रेंटन यांच्याशी बोलताना एडिनबरो अकॅडमीतल्या आपल्या बालपणीच्या यातना प्रथमच उघड केल्या. मग त्या शाळेचे आणखी किती तरी माजी विद्यार्थी पुढे आले, आणि २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या बाल-अत्याचार चौकशी आयोगासमोर त्यांच्या साक्षी झाल्या.

रेंटन यांची मालिका 'द टीचर्स पेट' इतकी रंगत नाही हे कबूल करतो. गाडीत ऐकताना माझे स्टेशन एकदाही चुकले नाही. पण ती संपल्यावर मनात उरते ती संस्था. थॉमस यांची मालिका संपल्यावर मनात उरतो तो खलनायक. आणि खलनायक मनात उरला की ऐकणाऱ्याची सुटका होते. आपण काही खलनायक नसतो; संस्थेत मात्र आपण सगळेच असतो.

नोंद न झालेली चूक

आमच्या धंद्यात बिघाडाचे दोन प्रकार असतात. एकात यंत्रणा कोसळते, दिवे लाल होतात, मध्यरात्री फोन वाजतो. तो बरा. दुसऱ्यात यंत्रणा चालू राहते, आकडे मात्र चुकत जातात आणि कोठेही नोंद होत नाही. असा बिघाड वर्षानुवर्षे टिकतो, कारण प्रत्येक जण समजतो की काही गंभीर असते तर कुठेतरी घंटा वाजली असती.

'द टीचर्स पेट'चे सर्वांत मोलाचे भाग मला आता हे वाटतात, ज्यांत थॉमस यांच्याही नकळत या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाचा नकाशा तयार होतो. एका शिक्षकाने ती मुलगी त्याच्या खोलीत पाहिली होती. कुणी त्यांना गाडीत पाहिले होते. विद्यार्थ्यांत तर ती उघड गोष्ट होती. मुलाखतीमागून मुलाखतीत माणसे निरनिराळ्या शब्दांत एकच सांगतात, की सगळ्यांना माहीत होते. ऐकताना प्रथम राग येतो. मग हळूहळू लक्षात येते, की "सगळ्यांना माहीत होते" हीच त्यांच्या गप्प बसण्यामागची सबब होती. सगळ्यांना माहीत आहे म्हणजे मुख्याध्यापकांनाही असणार. मुख्याध्यापकांना आहे म्हणजे खात्याला असणार. आणि तरीही काही होत नाही, म्हणजे त्यात वावगे काही नसणार.

माझी एक सहकारी, वयाने माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, त्याच भागात वाढलेली. ती एकदा म्हणाली, "तुला खरं सांगू? ज्या मुलीला सर गाडीतून घरी सोडतात, तिचा आम्हाला हेवा वाटायचा." एवढे बोलून ती कप विसळायला निघून गेली. मालिकेच्या तासन्‌तासांतून जे कळले नव्हते, ते मला त्या एका वाक्याने कळले.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्या काळी असे चालायचे, कायदाच तसा नव्हता, हे म्हणणे खोटे आहे. १९८० सालीही न्यू साउथ वेल्समध्ये मुलींसाठी संमतीचे वय सोळा होते, आणि शिक्षकाच्या बाबतीत ते सतरा होते. म्हणजे शिक्षकाचा अधिकार, त्याचे दडपण, त्याच्या शब्दाचे वजन कायदा करणाऱ्यांनी त्या काळीही ओळखले होते. कायदा होता. तक्रार नव्हती.

घाईचा हिशेब

दुसरी तक्रार न्यायप्रक्रियेबद्दल. आरोपीला अजून अटकही झालेली नसताना, मालिकेच्या स्वरात त्याच्या अपराधाबद्दल शंकेला फारशी जागा उरली नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये खटल्यावर परिणाम होऊ नये म्हणून ती ऑस्ट्रेलियात काढून घ्यावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती एलिझाबेथ फुलर्टन यांनी या प्रसिद्धीवर अत्यंत कडक ताशेरे ओढले आणि खटला काही महिन्यांसाठी थांबवला. अखेर मे २०२२ मध्ये तो उभा राहिला तो ज्यूरीविना, एकट्या न्यायाधीशासमोर. साक्षीदारांनी जे सांगितले ते चाळीस वर्षांपूर्वीचे आठवून, की चार वर्षांपूर्वी ऐकलेल्या मालिकेतले, हा प्रश्न बचावपक्षाने पुनःपुन्हा विचारला.

यावर माझे मित्र म्हणतात, "अरे, पण पॉडकास्ट नसता तर खटलाच झाला नसता!" बहुधा खरे आहे. दोन चौकशा, दोन शिफारशी, दोन नकार, हा इतिहास पाहिला की थॉमस यांचा अधीरपणा समजू शकतो. परंतु खटला चालला म्हणून घाई योग्य ठरत नाही. न तपासलेला पूल पहिल्या गाडीखाली कोसळला नाही, म्हणून तो बरोबर बांधला होता असे आम्ही इंजिनिअर म्हणत नाही. खटला कायमचा रद्द करावा अशी आरोपीची मागणी होती. ती मान्य झाली असती, तर लिनेट सिम्सच्या भावंडांना कोणत्या तोंडाने आपण सांगितले असते, की मालिका फार छान होती?

शिवाय या घाईत दुसरे एक नुकसान आहे. अत्याचार सोसलेल्या स्त्रीच्या आठवणीवर संशय घेणे हे बचावपक्षाचे जुने शस्त्र. मालिकेने साक्षी जाहीर करून ते शस्त्र जरा जास्तच धारदार करून दिले. आज जे कोणी शाळांतल्या अत्याचारांवर असे काम करीत असतील, त्यांनी 'द टीचर्स पेट'पासून हा धडा घ्यावा: आवाज जमवा, पण त्यांतले काय प्रसिद्ध करायचे आणि काय थेट पोलिसांकडे न्यायचे, याचा विचार भागाच्या उत्कंठेपेक्षा आधी करा.

दुसरा खटला

खुनाच्या निकालाच्या दिवशी आमच्या ऑफिसात कामे थांबली होती. न्यायमूर्तींचे निकालपत्र वाचन कित्येक तास चालले आणि लोक ते थेट पाहत होते. त्यानंतर दहा महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, आणखी एक निकाल लागला. न्यायाधीश सारा हगेट यांनी डॉसनला १९८० साली विद्यार्थिनीशी शरीरसंबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरवले. बचावपक्षाचे म्हणणे असे, की संबंध सुरू झाले ते नंतर, ती सतरा वर्षांची झाल्यावर आणि त्याची विद्यार्थिनी नसताना. सगळा वाद त्या काही महिन्यांचा. चाळीस वर्षांनंतर जे.सी.ला पुन्हा साक्षीला उभे राहून, कोणत्या साली, कोणत्या ऋतूत, कोणत्या घरात, हे सांगावे लागले. न्यायाधीशांनी तिच्यावर विश्वास ठेवला. सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली; तुरुंगवासाच्या किमान मुदतीत प्रत्यक्ष भर पडली ती एका वर्षाची.

त्या दिवशी चहाच्या खोलीत कोणी काही बोलले नाही. मीसुद्धा ती बातमी संध्याकाळी परतीच्या गाडीत ओझरती वाचली आणि पुढच्या बातमीकडे गेलो.

माझ्या मते याच जागी या मालिकेचे मूल्यमापन करावे लागते. ज्या गुन्ह्याचे नाव तिने आपल्या कपाळावर लावले, तो गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला तेव्हा तिच्या कोट्यवधी श्रोत्यांपैकी किती जणांनी मान वर केली? आम्हाला तिने रहस्याची चटक लावली होती. रहस्य सुटले, चटक भागली, आम्ही दुसऱ्या मालिकेकडे वळलो. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे ही मालिका सुरू होण्याच्या पाचच महिने आधी, संस्थांमधल्या बाल-अत्याचारांवरचा अहवाल सादर केला होता. आठ हजारांहून अधिक पीडितांचे त्यांनी खासगी बैठकांत ऐकून घेतले. त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश जणांनी शाळेतल्या अत्याचाराबद्दल सांगितले. तोंडातून पहिला शब्द निघायला या माणसांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. तो अहवाल ऐकत कोणाचे स्टेशन चुकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपले गुरुजन

वाचकहो, येथवर वाचून कोणाला वाटेल, की हा सगळा गोऱ्यांच्या शाळांचा मामला. आपण या देशात मुलांना आणतो, चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेण्यासाठी कर्ज काढतो, सिलेक्टिव्ह परीक्षेच्या शिकवण्यांना पाठवतो. शिक्षकाच्या बाबतीत आपले संस्कार असे, की मुलाने तक्रार केली तर आपला पहिला प्रश्न "तू काय केलं होतंस?" हा असतो.

आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाला येथल्या कायद्याप्रमाणे मुलांसोबत काम करण्याची परवानगी, म्हणजे 'वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक' लागते. स्वयंसेवकांना ती फुकट मिळते, पाच वर्षे चालते. तरी पहिल्यांदा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठांना ते फार लागले. "अहो, बाराखडी शिकवायला आता पोलिसांचा दाखला? आपलीच मुलं, आपलीच माणसं!" त्यांचा हेतू निर्मळ होता. मीही तेव्हा त्यांच्या बाजूने मान हलवली. पण मालिका पुन्हा ऐकताना मला जाणवले, की क्रोमरच्या शिक्षकखोलीत बसलेली माणसेही एकमेकांबद्दल नेमके हेच समजत असणार. आपलीच माणसे.

भारतातही २०१२ च्या पॉक्सो कायद्याने शाळेतल्या माणसाकडून झालेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे, आणि माहीत असून न कळवणे हाही गुन्हा ठरवला आहे. कायदा तेथेही आहे. १९८० साली क्रोमरमध्ये होता, तसा.

आता शेवटी एक गोष्ट सांगतो, जी सांगितल्याशिवाय हे परीक्षण अप्रामाणिक ठरेल.

मी नववीत होतो, एका तालुक्याच्या गावी. आम्हाला गणिताचे एक सर होते. अतिशय हुशार. भूमितीचे प्रमेय ते असे उलगडत, की फळ्यावर रांगोळी काढत आहेत असे वाटावे. मला गणिताची गोडी लागली ती त्यांच्यामुळे, त्यात शंका नाही. स्कॉलरशिपच्या जादा तासानंतर ते आमच्या वर्गातल्या एका मुलीला थांबवून घेत. तिचे वडील नव्हते, आणि सर तिची फी भरतात असे गावात कौतुकाने बोलले जाई. आम्ही मुले बाकावर तिचे आणि सरांचे नाव कोरून खिदळत असू. एकदा ती तासाला उशिरा आली, डोळे सुजलेले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी काहीतरी बोलले आणि सगळा वर्ग हसला. मीही हसलो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मामाकडे पाठवली, असे कळले. त्यानंतर तिचा विषय निघाला नाही.

नेमके काय घडले हे मला ठाऊक नाही. म्हणून मी येथे कोणावर आरोप करीत नाही, आणि हेडली थॉमस यांची घाई मी करणार नाही. पण आम्हाला काहीतरी माहीत होते. बाकावर कोरण्याइतपत माहीत होते. विचारण्याइतपत नव्हते.

पीएच.डी.चा प्रबंध लिहून झाला, तेव्हा ऋणनिर्देशाच्या पानावर मी आईवडिलांच्या खाली आणि मार्गदर्शकांच्या वर त्या सरांचे नाव घातले. 'ज्यांनी मला विचार करायला शिकवले', असे विशेषण लावून. गेल्या महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग दुसऱ्यांदा ऐकून घरी आलो आणि कपाटातून तो प्रबंध काढला. ते पान उघडून बराच वेळ बसलो. मुलगी आली, तिने विचारले, "काय वाचतोस बाबा?" ती आता नववीतच आहे. मी म्हटले, "बस जरा. तुझ्या शाळेतल्या सरांबद्दल मला सांग." तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. मग बसली, आणि आम्ही जेवायची वेळ होईपर्यंत बोलत होतो.

मालिका अवश्य ऐका. रहस्यासाठी ऐकू नका, ते आता सुटलेले आहे. जे लोक "सगळ्यांना माहीत होते" म्हणतात त्यांचे आवाज ऐका, आणि त्यांत एखादा ओळखीचा वाटतो का, ते पाहा.